शुक्रवारी टीव्हीवर येणारे

तुळशीने नवऱ्याचं नाव आयुष्यात एकदाच घेतलं होतं. लग्नानंतर उंबरठ्यावर बायकांनी वाट अडवली, उखाणा घेतल्याशिवाय आत सोडेनात, तेव्हा. तेही इतक्या बारीक आवाजात की मागच्या बायकांना ऐकूच गेलं नाही आणि पुन्हा घे, पुन्हा घे म्हणून गलका झाला. तिने पुन्हा काही घेतलं नाही. शेवटी सासऱ्यांनीच बायकांना हटवलं.

नवऱ्याचं नाव भगवंत. बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये ह्यात चामटोली गावात कुणाला नवल नव्हतं, तिच्या वयाच्या कुणीच घेत नसत. पण बाकीच्यांचे नवरे बाळू, काथोड, चांगो असे होते, त्यांचं निभून जायचं. तुळशीच्या नवऱ्याचं नाव पडलं देवाचं. भजनाला बसलं की दर चार ओळींनी ते यायचं आणि तुळशी तिथे ओठ मिटून नुसती टाळी वाजवायची. कुणी आजारातून उठलं की बायका म्हणायच्या, भगवंताने वाचवलं. तुळशी म्हणायची, वरच्याने वाचवलं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती मुलाला, अल्पेशला, पुढे ढकलायची, आणि अल्पेश बरोबर नसला तर पिशवी रिकामी घेऊन घरी यायची. ह्याला कुणी वेडेपणा म्हणेल तर खुशाल म्हणावं. चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, तसा त्याच्या नावालाही लावायचा नाही, एवढंच तिचं गणित होतं.

त्यांना हाक मारायची तर 'अहो', आणि त्यांच्याबद्दल बोलायचं तर 'हे'. हे म्हणजे तो माणूस, हे म्हणजे त्याचं नाव, हे म्हणजे वेळप्रसंगी दारातली त्याची चप्पलसुद्धा. एवढं लक्षात ठेवलं की पुढचा सगळा घोटाळा कळायला सोपा आहे. घरातल्यांच्या मात्र ते लक्षात राहिलं नाही.

भगवंत गेले त्याला चार वर्षं झाली. बदलापूरच्या बाजूचं शेत त्यांच्या हयातीतच बिल्डरकडे गेलं होतं आणि गावात अल्पेशने नवं घर बांधलं होतं. पहिल्या मजल्यावर अल्पेश आणि त्याची बायको रिद्धी, दुसऱ्यावर भाडोत्री, आणि तळमजल्यावर तुळशी एकटी. हे एकटं राहणं तिने भांडून मिळवलं होतं. कारण वरच्या स्वयंपाकघरात सुकट भाजायची नाही, बोंबील तळायचा नाही, भाडोत्री वासाला नावं ठेवतात, असा रिद्धीचा कायदा होता. रिद्धीही आगऱ्यांचीच पोर, तीही मासे चवीने खायची, पण स्वतःच्या घरात तिला वास नको होता. तर नको. तुळशीने खाली आपली शेगडी मांडली. सकाळ-संध्याकाळ तांदळाची भाकरी थापायची, तव्यावर सुकट परतायची, दार सताड उघडं ठेवायचं, आणि नाक मुरडत जिना उतरणाऱ्या रिद्धीच्याच हातात झाकलेली वाटी द्यायची. रिद्धी ती मुकाट्याने घेऊन वर जायची.

तुळशीला मरणाची फार भीती नव्हती. भीती होती ती ही शेगडी जाण्याची. तिची सासू विठा म्हातारपणी काहीबाही बोलायला लागली तेव्हा घरच्यांनी ठरवलं की म्हातारी चळली, आता तिला विस्तवाजवळ बसू द्यायचं नाही. तिच्या हातातला चिमटा काढून घ्यायचं काम सुनेकडे, म्हणजे तुळशीकडे आलं होतं. विठा पडवीत बसून दिवसभर हवेत भाकरी थापत राहायची. पाऊसकाळही तिने काढला नाही.

आता टीव्हीचं सांगायला हवं. अल्पेश जागांची दलाली करतो, चिखलोलीकडे नव्या इमारती उठतायत तिकडे गिऱ्हाइकं फिरवतो, त्यामुळे त्याला सगळं जोडीने आणि घासाघीस करून घ्यायची सवय. त्याने एकाच दुकानातून एकसारखे दोन टीव्ही उचलले. एक भाडोत्र्याच्या खोलीत लावला, म्हणजे खोली सामानासकट आहे असं सांगता येतं. दुसरा आईला. तिला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं म्हणून त्या टीव्हीची भाषा मराठी करून दिली. साऱ्या घराला मिळून एकच वायफाय, भाडोत्र्यालाही त्यातच.

वायफाय बसवायला आलेल्या माणसाला अल्पेशने विचारलं होतं, "प्रत्येक टीव्हीला वेगळं सेटिंग करायला लागेल काय?"

"काही नाही लागत शेठ. हे लोक एकमेकांना आपोआप शोधतात. फोन घरात हाक मारतो, टीव्ही कोण आहे का? जो टीव्ही असेल तो ओ देतो, मी आहे, माझं नाव अमुक. झालं. मध्ये कोणी वाटून देणारा नाही, कोणाला विचारायला जायचं नाही."

"आणि दोघांचं नाव सेम असलं तर?"

"तर नंतर जो येतो तो स्वतःच आपल्या नावापुढे दोन लावतो. भांडण नाही करत."

अल्पेशला हे फार पटलं. तो पुढे दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की माणसांपेक्षा टीव्ही बरे. मग विसरला.

दुसऱ्या मजल्यावरचा भाडोत्री म्हणजे परभणी. परभणीकडून आलेला म्हणून परभणी. अंबरनाथच्या एमआयडीसीत कुठल्याशा कारखान्यात मशीन चालवायचा. सकाळी जायचा तो दिवस मावळल्यावर यायचा आणि येता-जाता "आजी, बरं हाय ना" म्हणायचा. अल्पेशने ठेवलेलं हे नाव घरात सगळ्यांच्या तोंडात बसलं होतं. तुळशीला त्याचं दुसरं काही नाव असेल असा विचारही कधी शिवला नव्हता.

तर एका शुक्रवारी दुपारी तुळशी जेवून, सुपारी कातरत टीव्हीसमोर बसली होती. मालिकेतली सासू सुनेच्या चहात काहीतरी टाकणार एवढ्यात चित्र थांबलं आणि मधोमध एक पांढरा चौकोन आला. त्यात अक्षरं होती. तुळशी एकेक अक्षर जोडत वाचायला लागली. पहिलंच अक्षर भ. मग ग. मग तिचा अडकित्ता थांबला.

'भगवंत यांना या टीव्हीशी जोडायचे आहे. परवानगी आहे का?' आणि खाली दोन खण. एकात होय, एकात नाही.

तुळशीने आधी पदर डोक्यावर घेतला. मग भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बघितलं. फोटो होता तसाच होता. रिमोट तिच्या मांडीजवळ पडला होता. नाही म्हणायची तर तिची छाती नव्हती, ह्या माणसाला तिने कशालाच कधी नाही म्हटलं नव्हतं. आणि होय म्हटलं तर पुढे काय होणार ते कोणाला माहीत. ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने चौकोन आपला आपण निघून गेला आणि सासूने चहात जे टाकायचं होतं ते टाकून झालं होतं.

संध्याकाळी वाटी न्यायला आलेल्या रिद्धीला ती म्हणाली, "गो रिद्धी, आज टीव्हीवर हे आलते."

"कोण, आई?"

"आपले हे. आत येऊ कं, विचारत व्हते."

रिद्धीच्या हातातली वाटी कलंडली. तिने काही विचारलं नाही. वर जाऊन नवऱ्याला सांगितलं, आणि अल्पेश खाली येऊन टीव्हीची सगळी पानं उलटीसुलटी करून गेला. "टीव्हीला काय नाय झालं," तो म्हणाला. "वरचा परभणी पण बोलतोय त्याचा टीव्ही लागत नाय. आज सगळ्यांना काय झालंय कळत नाय."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. तीच वेळ, तोच चौकोन, तेच नाव. तुळशीचं डोकं चालेना. चार वर्षं हा माणूस स्वप्नातसुद्धा आला नव्हता. ती मनातल्या मनात त्याच्यावर थोडी चिडलेलीही होती, की एवढ्या वर्षांच्या संसारात एकदा तरी येऊन जावं. आणि आता यायचं तर मालिकेच्या मध्ये, आणि परवानगी मागून. हयात असताना ह्यांनी कधी परवानगी मागितली नव्हती. चहा हवा असला तर चहा म्हणायचे, बस. मेल्यावर माणूस एवढा नम्र होतो काय, ह्याचाच तिला उलगडा होईना.

ह्या वेळी तिने ते दीराला, बुधाजीला सांगितलं. बुधाजीला अशा गोष्टीची वाटच बघायची सवय होती. तो लगेच गंभीर झाला.

"वैनी, शुक्रवारीच येतो ना दादा? मी सांगतू तुला. त्याचा काहीतरी राहिलाय. तू होय बोलू नकोस. होय बोललीस तर घरात घेतल्यासारका होईल."

"आणि नाय बोलली तर?"

बुधाजीने टीव्हीच्या डोक्यावर लिंबू-मिरची बांधली आणि भगताला विचारून येतो म्हणून निघून गेला. दोन दिवसांनी लिंबू पिकून गळायला लागलं, तेव्हा रिद्धीने ते काढून फेकलं आणि टीव्ही ओल्या फडक्याने पुसला.

तिसऱ्या शुक्रवारी तुळशीने होय दाबलं. दीर काहीही म्हणो, आपल्या माणसाला दारात ताटकळत ठेवायचं तरी किती. मालिका गेली. आणि टीव्हीभर शेत आलं. कापणी झालेलं, सपाट, मोठंच्या मोठं शेत, आणि बांधावरून पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा पाठमोरा चालला होता. हळूहळू, एक खांदा खाली टाकून. मागून कोणीतरी त्याला काहीतरी म्हणत होतं पण शब्द कळत नव्हते. म्हातारा काही वळला नाही. तुळशीने टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. आपलं शेत नव्हतं. आपल्या शेतामागे डोंगर दिसायचा, इथे डोंगरच नव्हता. पण टोपी तीच. चाल? चाल तीच वाटत होती. मग एकदम अंधार झाला आणि मालिका परत आली.

आता मात्र तिलाच भीती वाटायला लागली. नवऱ्याची नाही, स्वतःची. विठालाही आधी असंच काही दिसत असेल का? तिलाही ते खरंच वाटत असेल ना? तुळशीने रात्रीच्या भाजीत मीठ घातलं की नाही हे दोनदा चाखून बघितलं. भाजी बरोबर होती. पण ती रडली, आणि रडता रडताच रिद्धीला सगळं सांगून बसली, की हे शेतातून चालले होते, माझ्याकडे पाठ करून. सांगायला नको होतं हे सांगितल्यावर कळलं.

अल्पेश तिला उल्हासनगरला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण होता, सिंधी, मराठी समजायचं पण बोलताना हिंदीवर जायचा. स्वभावाने चांगला होता, तुळशीला खुर्ची स्वतः ओढून दिली. पण तपासणी नीट व्हावी म्हणून त्याने मुलाला आणि सुनेला बाहेर बसवलं, आणि तिथेच गाडी घसरली.

आज वार कोणता, तिने सांगितलं. पंतप्रधान कोण, तेही सांगितलं. वीसपासून उलटे आकडे म्हणा, तेही तिने म्हटले. मग डॉक्टरने हसून विचारलं, "माताजी, आपके पति का नाम?"

तुळशीने खाली बघितलं.

"नाम याद है ना? घाबरू नका. आरामसे."

तिला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, ह्याला एवढं कळू नये. तिने आपल्या हिंदीत सांगितलं, "बाहर बैठा है ना, उसको पूछो." म्हणजे मुलाला विचारा. रेशनच्या दुकानातली सवय.

डॉक्टरचं पेन थबकलं. "बाहर बैठे हैं? आपके साथ आए हैं?"

"हां. गाडी से लेके आया."

"अच्छा," डॉक्टर म्हणाला, आणि पुढे फारच हळू आवाजात बोलायला लागला. तुळशीला कळलं की काहीतरी चुकलं, पण काय चुकलं ते कळेना. सगळी उत्तरं तर बरोबर दिली होती.

नंतर डॉक्टरने अल्पेशला आत घेतलं आणि सांगितलं की विसरण्याच्या आजाराची सुरुवात दिसते आहे, आणखी तपासण्या करू, तोवर त्यांना एकटं ठेवू नका. आणि गॅस, चाकू, असल्या वस्तूंपासून जरा सांभाळा. डॉक्टरचा तरी काय दोष. ज्या बाईला नवऱ्याचं नाव सांगता येत नाही आणि जी मेलेला नवरा बाहेर बसलाय म्हणते, तिच्या हातात विस्तव द्या असं कुठला डॉक्टर सांगेल?

परत येताना अंबरनाथच्या पुढे आल्यावर अल्पेश म्हणाला, "आई, तू आता वरती आमच्याकडे राहायचं. एकदम मस्त. रिद्धी देईल करून सगळं. गॅस मी काढून घेतो खालचा."

"माझी शेगडी काढू नको रे," तुळशी म्हणाली.

"थोडे दिवस फक्त."

"तुझ्या आजीला पण थोडंच दिवस बोललेले."

अल्पेश गाडी चालवत राहिला. तो काही दुष्ट मुलगा नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेली मुलं आईवर माया करायला लागली की आईचं काही खरं नसतं.

शुक्रवारी दुपारी तो सिलिंडर न्यायला आला. रिद्धी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली, धरू लागायला. दार उघडंच होतं. तुळशी टीव्हीसमोर बसली होती, तिने ठरवलं होतं की बघायचंच नाही तिकडे. आत रेग्युलेटर काढल्याचा फुस्स आवाज आला, मग फरशीवरून सिलिंडर कलता करून फिरवत आणल्याचा. आणि त्याच वेळी मालिका थांबली आणि चौकोन आला.

"अल्पेश, बघ," ती म्हणाली. "बघ, बघ, आले."

अल्पेशची पाठ टीव्हीकडे होती आणि दोन्ही हात सिलिंडरच्या गळ्यात. तो सिलिंडर उभा करून वळेपर्यंत चौकोन गेला होता.

"काय नाय आई तिथे."

"व्हते. आता व्हते हे."

"आई, ऐक माझं. बाबा गेले. चार वर्षं झाली."

"मना ठाव नाय कं ते?" तुळशी उठून उभी राहिली. "बांगड्या कोणाच्या फुटल्या? तुझ्या फुटल्या कं?"

अल्पेशने सिलिंडरवरचा हात काढला. रिद्धीने खाली बघितलं.

"मग टीव्हीवर कोण येतं?" त्याने विचारलं.

"नाव येतं."

"नाव?"

"लिवलेलं येतं. मना वाचता येतं ना. नाव येतं नि खाली होय-नाय येतं."

हे ती पहिल्यांदाच असं फोडून बोलली होती, आणि बोलल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं की आधी का नाही बोलले. अल्पेश आता तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागला. मेलेला बाप टीव्हीवर येणं वेगळं, आणि टीव्हीवर काहीतरी लिहून येणं वेगळं. हा माणसाच्या डोक्याचा नाही, टीव्हीचा प्रश्न असू शकतो, एवढं त्याला कळत होतं.

"काय नाव येतं? जसं लिहिलंय तसं बोल."

तुळशीने भिंतीवरच्या फोटोकडे हात केला.

"असं नको दाखवू. तोंडाने बोल. टीव्हीवर 'बाबा' म्हणून येतं? आडनाव येतं? काय येतं?"

तिने मान हलवली. तिचे ओठ उघडले आणि मिटले. अल्पेश वाट बघत होता. सिलिंडर दारात उभा होता, निम्मा आत, निम्मा बाहेर. नाव घेतलं तर कदाचित शेगडी राहील. नाही घेतलं तर डॉक्टरकडे झालं तसंच होईल, की म्हातारीला नवऱ्याचं नाव आठवत नाही. तिला मनापासून राग आला. ह्या मुलाचा, डॉक्टरचा, टीव्हीचा, आणि सगळ्यात जास्त त्या फोटोतल्या माणसाचा, की जिवंतपणी साधं बाळू असायला काय झालं होतं.

तिला ते हळूच म्हणायचं होतं. पण इतकी वर्षं आत ठेवलेल्या शब्दाला हळू यायचं कसं ते माहीत नव्हतं. तो आला तो सगळा जोर लावून आला.

"भगवंत."

आवाज दारातून जिन्यात गेला आणि जिन्यातून वर. रिद्धीने जीभ चावली. अल्पेश आईकडे बघतच राहिला, आईच्या तोंडून हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता. तुळशीच्या कानशिलांपर्यंत गरम झालं होतं.

आणि वरून कोणीतरी म्हणालं, "ओ."

तुळशी दारातल्या सिलिंडरवरच बसली. अल्पेशचाही चेहरा उतरला होता, त्याने नंतर कितीही नाकारलं तरी.

"आलो, आलो आजी," वरचा आवाज म्हणाला, आणि जिन्यावर चपला वाजल्या.

परभणी खाली आला. हाफ पँट, बनियन, हातात फोन. सगळे आपल्याकडेच बघतायत म्हणून तो शेवटच्या पायरीवर बिचकून थांबला.

"आवाज दिला का मला?"

"तुला कोणी बोलवलं?" अल्पेश म्हणाला.

"आजीनं. नाव घेऊन हाक मारली की."

"तुझं नाव..." अल्पेश म्हणाला.

"भगवंत की दादा. तुमीच बघितलं ना आधार कार्ड? तुमीच म्हणलाव, आमच्या वडलांचं नाव हाय, आमच्या घरातल्या बाया हे नाव घेत नाहीत, तुला आपण परभणीच म्हणू." तो ओशाळून हसला. "म्हणून तर मला आधी वाटलं दुसऱ्याच कुणाला बोलवलं."

अल्पेशने कपाळावर हात मारला. आईचा मान राहावा म्हणून त्यानेच हे नाव घरातून उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि ठेवलं कुठे ते विसरून गेला होता. फोनमध्येसुद्धा परभणी भाडोत्री असंच लिहिलेलं होतं.

पुढचं पाच मिनिटांत उलगडलं. भगवंतला सुट्टी शुक्रवारी. गावाकडून भावाने पाठवलेले व्हिडिओ त्याला मोठ्या टीव्हीवर बघायचे असायचे. त्याच्या फोनवर दोन नावं यायची, हॉल टीव्ही आणि हॉल टीव्ही २. दुसऱ्या मजल्यावर टीव्ही एकच, म्हणजे दोन नंबरचा दुसऱ्या कोणाचा असणार असं धरून तो बिचारा दर वेळी पहिल्याला हाक मारायचा. पहिला होता तुळशीचा. त्याचा स्वतःचा टीव्ही नंतर लागला, त्याने शहाण्यासारखं नावापुढे दोन लावून घेतलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. फोन आपल्या मालकाचं मराठीत लिहून ठेवलेलं नाव सांगून तळमजल्यावर परवानगी मागत होता आणि वर भगवंत काळ्या पडद्यासमोर बसून राहत होता.

"मी तुम्हाला तीनदा बोललो दादा, टीव्ही लागंना म्हणून."

"बोललास," अल्पेश म्हणाला. "आई पण तीनदा बोलली."

"नि तो टोपीवाला?" तुळशीने विचारलं. ती अजून सिलिंडरवरच बसली होती. "बांधावरून चाललेला?"

"माझे वडील ते. तुमी बघितले? माझ्याकडं तर काहीच आलं नाही." आपले वडील कोणीतरी बघितले ह्याचाच त्याला आनंद झालेला दिसला.

रिद्धी पुढे आली. "आई, जरा उठा," ती म्हणाली, आणि एका बाजूने सिलिंडर धरून नवऱ्याला म्हणाली, "बघताय काय, आत घ्या." दोघांनी तो परत आत नेला. रेग्युलेटर बसल्याचा खट्ट आवाज आला. शेगडी पेटवून बघितल्याचाही. तुळशी ते ऐकत होती. तिला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

शेताच्या पलीकडच्या टोकाला हे काम करत असले की ती जेवायला बोलवायची. 'अहो' म्हणून ओरडायची. चार शेतांतले चार नवरे माना वर करायचे, आपापल्या बायकांना शोधायचे, आणि हे मात्र वाकलेलेच राहायचे. मग ती सगळा बांध तुडवत जवळ जायची, पुढ्यात उभी राहायची, तेव्हा कुठे बघायचे. गावातला कोणीही पुरुष रस्त्यावरून नाव घेऊन ओरडला की तिथल्या तिथे ओ द्यायचे. तिला कधी मिळाली नव्हती ती ओ.

भगवंत वर जायला वळला होता.

"पोरा," तुळशी म्हणाली, "तुला परत एकदा हाक मारू कं?"

"मी तर इथंच हाय की, आजी."

"ऱ्हाऊ दे. मारू कं?"

त्याला काही कळलं नाही. पण म्हातारीचे डोळे भरलेत हे त्याला दिसलं, आणि तो अंग सावरून, हातातला फोन मागे धरून नीट उभा राहिला.

"मारा की," तो म्हणाला.

ह्या वेळी ते हळू आलं. "भगवंत," ती म्हणाली.

"ओ," तो म्हणाला.

तुळशीने पदराने तोंड पुसलं. आत अल्पेश काहीतरी विचारत होता, तिने ऐकलं नाही. सगळ्या संसारात हे एवढंच करायचं राहिलं होतं, आणि ते इतकं सोपं होतं ह्याचा तिला फार राग आला.